कापूस बघा, गाडी कोणाची ते नंतर

दादा, सादर नमस्कार.

मी यावल तालुक्यातल्या एका गावची. घरची साडेचार एकर केळी आहे. माझी कृषी पदविका झाली आहे आणि लग्नानंतर शेतीचा हिशोब नि औषधपाणी माझ्याकडेच आलं. दोन वर्षांपासून केळी उत्पादकांच्या एका मोबाइलवरच्या गटात आहे. काही हजार सभासद आहेत. कोणी पानाचा नाहीतर घडाचा फोटो टाकून विचारतो, बाकीचे उत्तर देतात. उत्तर पटलं तर वरचा बाण, नाही पटलं तर खालचा. वरच्या बाणांचे गुण आपल्या खात्यात साठत जातात आणि त्यावरून नावापुढे बिल्ला लागतो: नवखा, जाणकार, तज्ज्ञ. ज्याचे गुण जास्त, त्याचं उत्तर सगळ्यांत वर दिसतं.

मागच्या श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या आठवड्यात, एका भाऊंनी मृगबागेतल्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या, पानाचा फोटो टाकला. पानावर पिवळसर पट्टे. पहिल्या क्रमांकावरच्या काकांनी दहा मिनिटांत लिहिलं, सूक्ष्म अन्नद्रव्यं कमी पडली आहेत, फवारणी घ्या. मी फोटो सासऱ्यांना दाखवला. ते बघताक्षणी म्हणाले, ‘हरण्या हाये हा, उपटा.’ (हरण्या हा माव्यामुळे पसरणारा केळीचा विषाणू रोग.) मी तसं लिहिलं. काकांच्या उत्तराला 41 वरचे बाण, 9 खालचे. माझ्या उत्तराला 2 वरचे, खालचा एकही नाही. त्या भाऊंनी काकांचं ऐकलं. तीन आठवड्यांनी जवळपास नऊशे झाडं काढावी लागली. काकांचे ते 41 गुण मात्र अजून खात्यात आहेत.

नणंदेचा मुलगा म्हणतो, मामी, भाऊबंदकीतले पंचवीस मोबाइल गोळा करतो, तुम्ही महिन्यात तज्ज्ञ व्हाल. मालक म्हणतात, सोडून दे तो गट. आणि आता गट चालवणाऱ्या मुलांनी नियम बदलायला पाच जणांची समिती केली आहे, तिच्यात मला बोलावलं आहे. जाऊ का? की ही गुण देण्याची पद्धतच मुळात अन्यायाची आहे?

— एक केळी उत्पादक, यावल तालुका

*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा 41 आणि 2 या आकड्यांवर अडकलो, दुसऱ्यांदा नऊशे झाडांवर. पाच बाय पाचवर लावली तर एकरात साडेसतराशेच्या आसपास झाडं बसतात. म्हणजे त्या माणसाने अर्ध्या एकराहून जास्त बाग स्वतःच्या हातांनी उपटून पुरली. रोपं, ठिबक, मजुरी, सगळं जमिनीत गेलं. तुमच्या रागात दोन राग एकमेकांत मिसळले आहेत. एक, माझं बरोबर होतं तरी मला कोणी विचारलं नाही. दुसरा, चुकीचं उत्तर वर राहिलं म्हणून एक बाग गेली. पहिला राग खोटा नाही, पण समितीत घेऊन जायचा तो दुसरा. त्यावर कोणी ‘गुणांसाठी भांडते’ असं म्हणू शकणार नाही.

म्हणजे माझं पहिलं उत्तर तुम्हाला मिळालं: जा. पुढे जे लिहितोय ते तिथे काय बोलायचं याबद्दल आहे.

आधी माझं एक सांगतो. मी एकवीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर होतो. दिवाळीनंतर पहाटेपासून गाड्यांची रांग लागायची. ग्रेडरने गाडीत खोलवर हात घालायचा, मूठ काढायची, बोटांनी धागा ओढून लांबी बघायची, ओलावा बघायचा, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस किती, कचरा किती ते बघायचं आणि प्रत सांगायची. प्रतीवर भाव. पहिल्या दोन वर्षांत एक मोठे बागायतदार होते, त्यांचा माल दरवर्षी एक नंबर. एकदा रांग लांब होती, त्यांची गाडी आली, मी वरची मूठ उचलली आणि वरची प्रत लिहून मोकळा झालो. गाडी खाली झाली तेव्हा आतला कापूस ओला निघाला, कवडी भरपूर. त्यांनी मुद्दाम केलं असंही नाही. शेवटच्या वेचणीला पाऊस झाला होता. आणि त्यांच्याच मागच्या गाडीत एका दोन एकरवाल्याचा पांढराशुभ्र, कोरडा कापूस होता. त्याला मी हात खोल घालून, दहा खोडी काढून खालची प्रत दिली होती. त्या माणसाचा चेहरा मला आजही आठवतो. तो काही बोलला नाही. बैल जुंपले आणि गेला.

आमचे थोरले ग्रेडर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फाटकावर चिठ्ठ्या सुरू केल्या. गाडी आत आली की मालकाने बाजूला चहाला जायचं, ग्रेडरला फक्त चिठ्ठीचा नंबर. प्रत लिहून झाली की मग नाव. ‘कापूस बघा, गाडी कोणाची ते नंतर,’ एवढंच ते म्हणायचे. मी बेइमान नव्हतो, ताई. मला कोणी पैसे दिले नव्हते. नाव आधी दिसलं की हात आपोआप उथळ जातो, एवढंच झालं होतं.

तुमच्या गटात नेमकं उलटं चालतं. आधी बिल्ला दिसतो, मग उत्तर. त्यातून बिल्लेवाल्याचं उत्तर वर, म्हणजे जास्त लोकांना तेच दिसणार, त्यालाच जास्त बाण मिळणार, त्यातून बिल्ला आणखी मोठा होणार. ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्याच शेतात पाऊस.

आता ‘पद्धतच अन्यायाची आहे का’ या तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझं मत, नाही. गावात आपल्याला गुणांची गरज नसते, कारण कोणाचा शब्द किती चालतो हे तीन पिढ्यांचं माहीत असतं. मोबाइलवर हजारो अनोळखी माणसं, तिथे काहीतरी खूण लागतेच. अमेरिकेत 1995 साली पिअर ओमिड्यार यांनी ईबे सुरू केलं, अनोळखी माणसांनी एकमेकांना वस्तू विकायचा बाजार. दुसऱ्याच वर्षी त्यांना तिथे एकमेकांबद्दल बरं-वाईट लिहायची सोय करावी लागली, कारण त्याशिवाय पैसे पाठवायला माणूस धजेना. ती सोय नसती तर तो बाजार भरलाच नसता. पण त्याच सोयीत एक दुखणंही निघालं. विकणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांबद्दल लिहू शकत, म्हणून घेणारा खरं लिहायला घाबरायचा. मी वाईट लिहिलं तर तोही माझ्याबद्दल वाईट लिहील. शेवटी 2008 मध्ये विकणाऱ्यांनी घेणाऱ्यांना वाईट शेरा देणं कंपनीने बंद केलं. घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीने 2014 मध्ये दुसरी वाट काढली: दोघांचे शेरे झाकून ठेवायचे, दोघांनी लिहिले किंवा मुदत संपली की एकदम उघडायचे. आमच्या चिठ्ठीचीच बहीण म्हणायची.

सांगायचं हे की गुण ठेवणं हा गुन्हा नाही. गुण काय मोजतात आणि कधी दाखवतात, यात न्याय-अन्याय ठरतो.

तुम्ही लिहिलं नाही, पण ओळींमधून मला वाटलं की तुम्हाला जुन्या सभासदांचा कंपू असल्याची शंका आहे. असेलही. पण कंपू नसता तरी हेच घडलं असतं. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. संशोधक होते लेव मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर. बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावर लोकांनी लिहिलेल्या एक लाखाहून जास्त प्रतिक्रियांपैकी काहींना, मजकूर न वाचता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, संशोधकांनी सुरुवातीला एक वरचं मत देऊन टाकलं. काहींना एक खालचं. बाकीच्यांना काहीच नाही. तर ज्यांना ते फुकटचं एक वरचं मत मिळालं होतं, त्यांना पुढच्या वाचणाऱ्याकडून वरचं मत मिळण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली, आणि शेवटी त्यांचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी जास्त भरले. फक्त एका मताने! ज्यांना फुकटचं खालचं मत मिळालं होतं, त्यांचं मात्र लोकांनी सावरून घेतलं. कोणावर उगाच अन्याय झालेला दिसला की माणसं भरपाई करतात. कोणाला उगाच मान मिळालेला दिसला की त्यात आपलीही भर घालतात.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काकांच्या उत्तराला 41 बाण पडले, त्यातल्या कितीजणांनी पानाचा फोटो मोठा करून बघितला असेल? पहिल्या पाच-सात जणांनी बिल्ला पाहून दिले असतील, पुढच्यांनी ते पाच-सात पाहून दिले असतील. या 41 जणांमध्ये कोणीही वाईट माणूस नाही.

मग समितीतला कोणी शिकलेला मुलगा म्हणेल, आपण गणित सुधारू. गणित आहे, आणि चांगलं आहे. एडविन विल्सन नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 1927 मध्ये एक सूत्र मांडलं होतं. थोड्या मतांवरून जास्तीचा निष्कर्ष काढू नये यासाठी ते वापरतात. रेडिट या मोठ्या संकेतस्थळाने 2009 पासून उत्तरं लावायला ते घेतलं. त्याचं मर्म असं: दोनातले दोन म्हणजे शंभर टक्के दिसतात, पण दोनच माणसं, तेव्हा ‘कमीत कमी किती टक्के खात्रीने धरावं’ ते काढायचं. मी तुमचे आकडे घालून पाहिले. तुमच्या 2 पैकी 2 ची खात्री सुमारे 34 टक्के येते. काकांच्या 50 पैकी 41 ची सुमारे 69. म्हणजे जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या सूत्रानेही, ताई, काकांचंच उत्तर वर राहिलं असतं. पण तुमचं उत्तर दहा जणांनी नीट पाहिलं असतं आणि दहाच्या दहा जणांना पटलं असतं, तर तुमची खात्री 72 वर गेली असती आणि तुम्ही वर आला असता. अडचण सूत्रात नव्हती. तुमचं उत्तर त्या दहा जणांपर्यंत पोचलंच नाही.

म्हणून समितीत पहिली मागणी हीच करा. प्रश्न आल्यापासून पहिला एक दिवस उत्तरं दिसू द्या, पण नाव, बिल्ला आणि बाणांची संख्या झाका. उत्तरांचा क्रमही प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा येऊ द्या, म्हणजे आज तुमचं वर, त्याच्याकडे काकांचं वर. मुलांना हे करायला फार अवघड जाणार नाही. उत्तर लगेच मिळतं, हरण्यासारख्या रोगात एक दिवसही वाया जात नाही, आणि वाचणाऱ्याला कापसात हात घालावा लागतो. एक गोष्ट मात्र पहिल्या मिनिटापासून उघडी ठेवायला सांगा: उत्तर देणाऱ्याचं औषधांचं, रोपांचं किंवा खतांचं दुकान आहे का. नाव झाकलं तरी चालेल, दुकान झाकून चालणार नाही.

दुसरी गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते, आणि ती फक्त शेतकऱ्यांच्या गटातच जमू शकते.

बुद्धिबळात खेळाडूंना गुणांकन असतं, अर्पाद एलो यांनी बसवलेलं. जागतिक महासंघाने ते 1970 मध्ये स्वीकारलं. जिंकलं की वाढतं, हरलं की घटतं. बलाढ्याला हरवलं तर जास्त वाढतं, दुबळ्याकडून हरलं तर जास्त घटतं. नव्या खेळाडूचं गुणांकन मोठ्या पावलांनी वर-खाली होतं, मुरलेल्याचं लहान पावलांनी. त्यावर कुरकुर कमी होते, कारण तिथे टाळ्यांवर गुण नसतात, डावाच्या निकालावर असतात. गप्पांच्या गटांना असा निकाल नसतो. राजकारणावरचं कोणाचं मत बरोबर ठरलं हे कोण ठरवणार? पण तुमच्याकडे निकाल आहे! पान तीन आठवड्यांत बोलतं. फवारणीने नवं पान हिरवं निघालं तर कमतरता होती. पट्टे वाढले, पोंग्यापर्यंत म्हणजे न उलगडलेल्या नव्या पानापर्यंत गेले, शेजारची झाडं धरली, तर हरण्या होता. मग बाण पडताक्षणी गुण कशाला द्यायचे? ते बाजूला राखून ठेवा. तीन आठवड्यांनी प्रश्न विचारणाऱ्याला गटाने आठवण करावी, ‘भाऊ, काय झालं?’ त्याने एक फोटो टाकावा. मग जे गुण द्यायचे ते द्या, जे काढायचे ते काढा.

यातही खोट आहे, ती मी लपवत नाही. एका बागेत जे झालं ते पाऊस, जमीन, पाणी यांनीही होतं. बरोबर सल्ल्यानेही पीक जाऊ शकतं. विचारणारे पुष्कळदा परत येऊन सांगत नाहीत. आणि बाजारभाव पुढच्या आठवड्यात वर जाईल की खाली, असल्या प्रश्नांना हे लावलं तर तो सट्टा होईल. म्हणून रोग, कीड, अन्नद्रव्यं एवढ्यापुरतंच ठेवा. पण एवढं जरी झालं तरी काकांचे ते 41 आज तिथे नसते. ते काढले असते तर काकांनाही कळलं असतं की पान नीट बघायला हवं होतं. आज त्यांना ते कोणी सांगितलेलंच नाही. चुकलेल्या माणसाला चूक कळू न देणं हाही त्याच्यावर अन्यायच आहे.

साठलेल्या गुणांबद्दल थोडं. गुण आयुष्यभर साठत राहिले की ते बँकेतल्या ठेवीसारखे होतात. माणूस काही न करता व्याज खातो. तीन वर्षांपूर्वी ‘धन्यवाद’, ‘सुप्रभात’ला मिळालेले बाणही आजच्या रोगाच्या उत्तराला वर ढकलतात. संगणकवाल्यांचं एकमेकांना उत्तरं द्यायचं स्टॅक ओव्हरफ्लो नावाचं प्रसिद्ध ठिकाण 2008 पासून आहे. तिथे चांगल्या उत्तराच्या प्रत्येक मताला 10 गुण, पण मतांमधून एका दिवसात 200 च्या वर नाहीत. दुसऱ्याच्या उत्तराला खाली ढकलायचं तर स्वतःचा एक गुण जातो, म्हणून उगाच कोणी ढकलत नाही. हे दोन्ही नियम मला आवडतात. पण तिथे नवख्याला मत देण्यासाठीसुद्धा आधी 15 गुण मिळवावे लागतात आणि वाईट म्हणण्यासाठी 125. चोरांना बाहेर ठेवायला ते बरं, पण खरोखर जाणणारा माणूस पहिल्याच दिवशी चुकीचं उत्तर पाहतो आणि त्याला बोट दाखवता येत नाही. तुमच्या गटाने ते घेऊ नये. स्लॅशडॉट नावाच्या त्याहून जुन्या ठिकाणी लोक गुणांच्या आकड्यापायी वेडे झाले, तेव्हा चालवणाऱ्यांनी आकडाच काढला आणि ‘चांगले’, ‘उत्तम’ असे शब्द ठेवले. डिग नावाच्या ठिकाणाने 2007 मध्ये पहिल्या क्रमांकांची यादी दाखवणंच बंद केलं. तुमच्याकडे दर रविवारी यादी लागत असेल तर ती बंद करून पाहा. आणि गुण हंगामाबरोबर ओसरू द्या: मृगबागेचे मृगबागेत, कांदेबागेचे (पावसाळा सरल्यावर लावलेल्या केळीचे) कांदेबागेत. करपा ओळखणाऱ्याला करप्यात मान, विद्राव्य खतं जाणणाऱ्याला खतांत. एकच बिल्ला सगळ्यासाठी, हे आपल्या गावातही आपण कधी केलं नाही. विहिरीचं पाणी सांगणाऱ्याला आपण म्हशीचं दुखणं विचारायला जात नाही.

आता भाच्याचे पंचवीस मोबाइल. नको, ताई. मला माहीत आहे की तुम्हीही ते करणार नाही, पण तुम्ही ते पत्रात लिहिलंत, म्हणजे एखाद्या रात्री मनात आलं असणार. त्या पंचवीस जणांनी तुमच्या बरोबर उत्तराला बाण दिले तरी त्यातल्या एकानेही पान बघितलेलं नसेल. म्हणजे काकांच्या 41 मध्ये जो दोष होता तोच तुमच्या 27 मध्ये येईल, आणि पुढच्या वेळी तुम्ही चुकलात तरी ते पंचवीस येतीलच. शिवाय असली गोष्ट लपत नाही. एका गावातून, एका तासात, एकाच बाईला. ज्या दिवशी उघडी पडेल त्या दिवशी तुमची जुनी बरोबर उत्तरंही धुतली जातील. आपल्या सरकारच्या भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस 19000 हे मानक काढलं, ते अशाच विकत घेतलेल्या नि बनावट शेऱ्यांना आळा बसावा म्हणून. ते ऐच्छिक आहे आणि वस्तू-सेवांच्या शेऱ्यांसाठी आहे, तुमच्या गटाला लागू नाही. पण भाच्याला दाखवा, की हा पोरखेळ नाही. आणि त्याला कामाला लावायचं असेल तर ते पंचवीस जण फोटो मोठा करून बघायला शिकले तर त्यांचे बाण मला हवेत, असं सांगा.

काकांबद्दल तुम्ही एकही वाकडा शब्द लिहिलेला नाही, याचं मला बरं वाटलं. पहिल्या क्रमांकावर आहेत म्हणजे त्यांनी शेकडो लोकांच्या प्रश्नांना वेळ दिलेला असणार, फुकट. समितीत त्यांचं प्रकरण उदाहरण म्हणून काढायच्या आधी त्यांना फोन करा. ‘काका, श्रावणातल्या त्या पानाचं असं झालं, मला समितीत बोलायचं आहे, तुमचं नाव घेणार नाही,’ एवढं बोला. ते चिडले तर चिडू द्या. पण माझा अनुभव असा, ज्याला खरंच शेती कळते त्याला आपल्या सल्ल्याने गेलेली बाग झोपू देत नाही. कदाचित समितीत तुमच्या बाजूने बोलणारा पहिला माणूस तेच असतील.

आणि आता जे लिहितोय ते थोडं जपून लिहितो.

हरण्या तुमच्या सासऱ्यांनी ओळखला. तुमच्या पत्रात ते स्वच्छ आहे. गटातल्या तुमच्या उत्तरात ते होतं का? ‘मी तसं लिहिलं’ एवढंच तुम्ही म्हणता, म्हणून विचारतो. नसेल तर त्यात तुमचा लबाडपणा नाही. टंकायला तुम्हाला येतं, त्यांना येत नाही, घरचा माणूस, कोण कशाला नाव घालतं. पण बघा, त्या गटात बाबांचे गुण किती? शून्य. ज्या माणसाने आख्खी हयात केळीच्या पानाखाली काढली, तो त्या यादीत नाहीच. माझी आई अहिराणी बोलायची. कापसाचं बी बोटांत फिरवून ते उगवेल की नाही सांगायची. तिला कोणी कुठल्या यादीत लिहिलं नाही, मीही नाही. तुमच्या भागात बाबांच्या वयाची माणसं लेवा बोलीत, तावडीत बोलतात. ती आवाजाचा संदेश पाठवतात, तो कोणी ऐकत नाही, कारण दोन मिनिटं ऐकायला वेळ नसतो आणि शहरातल्या पोराला बोली कळत नाही. शुद्ध मराठीत, मुद्दे पाडून, शेवटी औषधाचं प्रमाण घालून लिहिलेलं उत्तर विद्वानाचं वाटतं. काकांचं उत्तर तसंच असणार, आणि तुमच्या दोन शब्दांच्या ‘उपटा’ला म्हणूनही कोणी वजन दिलं नसेल. गुणांची कुठलीही पद्धत फक्त टंकलेल्या शब्दांना मोजते. जे बोललं जातं, हाताने दाखवलं जातं, ते तिच्या मापात बसत नाही. माझ्या लेखी तुमच्या गटातला सगळ्यांत मोठा अन्याय हा आहे, आणि त्याच्यावर सूत्र नाही.

पण माणसं आहेत. आवाजाच्या संदेशाखाली दोन ओळींत त्याचा सार लिहून देणाऱ्यालाही गुण मिळोत आणि बोलणाऱ्यालाही, असं समितीत मांडा. शिकलेल्या पोरी-पोरांना ते काम द्या. आणि तुमच्यापुरतं, पुढच्या वेळी बाबांना बांधावर घेऊन जा, मोबाइल धरा, त्यांना पानाकडे बोट दाखवून बोलू द्या: पट्टा कुठून सुरू होतो, कमतरतेचं पान कसं दिसतं आणि हरण्याचं कसं, मावा कुठे बसतो, बागेच्या कडेच्या काकडीच्या वेलाशी त्याचा काय संबंध. खाली त्यांचं नाव लिहा.

मालकांना सांगा, गट सोडायचा विचार समितीची एक फेरी झाल्यावर करू. मुलांनी ऐकलंच नाही, यादी आणि बिल्ले तसेच राहिले, तर सोडायला मी नाही म्हणणार नाही. तेव्हा सोडण्याचं कारण तुमच्याकडे लिहून असेल, आणि तुमच्यामागून आणखी पाच-दहा जण सोडतील.

बैठकीच्या आधी मात्र एक काम राहतं. त्या नऊशे झाडंवाल्या भाऊंना तुम्ही त्यानंतर फोन केला आहे का? केला नसेल तर आज करा. ‘मी सांगितलं होतं’ हे त्यांना आठवतच असेल, ते नका काढू. उरलेली बाग कशी आहे ते विचारा. रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा केळी लावणार असतील तर मधे काकडी, भोपळा, टोमॅटो घेऊ नका असं बाबांच्या तोंडून त्यांना सांगू द्या. आणि मग त्यांना एक विनंती करा: गटावर तुमचा श्रावणातला प्रश्न अजून आहे. त्याच्याखाली काढलेल्या झाडांचा फोटो टाका आणि एक ओळ लिहा, हा हरण्या होता.